पळीची झीज

भिंगबाईच्या हातात कुठलीही वस्तू आली की ती आधी खोटी असायची. खरी ठरायची ती मागाहून, आणि तीही नाइलाजाने. जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका कचेरीत ती चांदीच्या टेबलावर बसायची. डोळ्याला लावायचं छोटं भिंग दोरीने गळ्यात अडकवलेलं असे, म्हणून हे नाव. बरोबरची मंडळी तिच्या पाठीमागे आणखीही एक नाव घेत, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

लोक फडक्यात गुंडाळून काहीबाही आणायचे आणि वस्तूच्या आधी तिची कहाणी उलगडायचे. पणजोबांना कुणा बड्या साहेबाने बक्षीस दिली, घराला आग लागली तेव्हा आजीने एवढीच बाहेर काढली, असं काय काय. भिंगबाई मान डोलवायची आणि त्यातलं एक अक्षर कानात शिरू द्यायची नाही. जुन्या इंग्रजी पळ्या आणि वाढायचे मोठे चमचे ही तिची खास हद्द. दांड्यावर ठोकलेले बारीक छाप ती आपण दारावरची पाटी वाचावी तसे वाचायची. चालता सिंह म्हणजे चांदी चोख, एका अक्षरावरून साल, आणि शेवटी कारागिराची आद्याक्षरं. मग ती पळी तोंडाजवळ धरून वाफ सोडायची. ती वाफ उडून जाते तेवढ्या वेळात झाळलेला सांधा असला तर उमटतो, कारण सांध्यातला धातू वेगळा असतो. लबाड लोक मोडक्या जुन्या चमच्याचा छापवाला दांडा कापतात आणि त्याला नवं तोंड जोडून पळी म्हणून खपवतात.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर ती झीज बघायची. "उजव्या हाताचं माणूस पातेल्याचा तळ खरवडतं तेव्हा पळीची डावी कड घासली जाते," असं म्हणून ती हवेतल्या हवेत हात फिरवून दाखवायची. "तुमच्या घरात तीन पिढ्या हिच्याने ढवळलं म्हणता ना? मग हिचं तोंड दोन्हीकडून सारखं कसं? माणूस खोटं बोलतं. झीज बोलत नाही." यावर बहुतेक लोक पळी पुन्हा फडक्यात गुंडाळून जिना उतरायचे.

आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं, हीच तर खरी पंचाईत होती. ज्याचा संशय नेहमी खरा ठरतो त्याला संशय म्हणजेच अक्कल वाटायला लागते.

या सगळ्याचं मूळ तिच्या माहेरी होतं. वडील एका जुन्या हॉटेलात जेवणघराचे प्रमुख होते. हॉटेल बंद पडलं तेव्हा सगळं सामान विकायला निघालं, आणि वडिलांनी निळ्या मखमलीच्या पेटीतले चार मोठे चमचे आणि सूप वाढायची एक पळी घरी आणली. इंग्रजी चांदी, दोनशे वर्षांच्या पलीकडची. आई म्हणाली, एवढ्यात माझ्या दोन बांगड्या आल्या असत्या. वडील म्हणाले, बांगड्यांनी सूप वाढता येतं का? चमचे पेटीतच राहिले, पण पळी आईच्या हाताला बसली आणि रोज पातेल्यात फिरू लागली. चांदी ठेवली की काळी पडते, वापरली की उजळते, हे वडिलांचं बोलणं आईने शब्दशः पाळलं.

पळीच्या मानेजवळ तो बारीकसा चालता सिंह होता. लहानपणी भिंगबाई धुतलेली पळी मांडीवर घेऊन त्या सिंहाला बोटाने चालवत बसायची. आई उजव्या हाताची, तळ खरवडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्यामुळे पळीची डावी कड अशी काही झिजली होती की रुसलेल्या मुलाने तोंड वाकडं करावं तशी ती दिसायची. "तुझ्या आईने बिचारीचं तोंड वाकडं करून ठेवलंय," वडील म्हणायचे. घर सोडून इतकी वर्षं झाली, हातांखालून शेकडो पळ्या गेल्या, पण ते वाकडं तोंड भिंगबाईला डोळे मिटून काढून दाखवता आलं असतं.

वडील जाऊन बराच काळ लोटला होता. आई गेल्या थंडीत गेली. चांदी धाकटीची, असं तिने सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. ती चांदी न्यायला भिंगबाई आता दोन दिवसांची सवड काढून दादाकडे आली होती.

जिन्यातच खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. या काकूंना बातमी पोटात ठेवली की अपचन व्हायचं. आईच्या आठवणी निघाल्या, डोळे पुसून झाले, आणि मग त्या आवाज बारीक करून म्हणाल्या, "तुझी वहिनी मध्ये चांदीकामवाल्याच्या दुकानात दिसली होती गं. हातात पिशवी होती, छातीशी अशी घट्ट धरलेली. मला बघून दुसऱ्या बाजूने गेली. मी आपलं सहज सांगितलं हं, माझं काही म्हणणं नाही."

ज्याचं काही म्हणणं नसतं तेच नेमकं मनात घर करतं. उरलेला जिना भिंगबाई सावकाश चढली. वहिनीबद्दल तिच्या मनात वाकडं असं कधीच काही नव्हतं. सरळ असंही फारसं काही नव्हतं, कारण तिने कधी तेवढं बघितलंच नव्हतं. कमी बोलणारी, कामाची, आईचं शेवटपर्यंत सगळं केलेली बाई, एवढं तिला माहीत होतं. पण कमी बोलणाऱ्या माणसांबद्दल तिच्या टेबलावरचा अनुभव चांगला नव्हता.

चहा झाल्यावर वहिनीने कपाटातून निळी पेटी आणली आणि भिंगबाईच्या पुढ्यात ठेवली. भिंगबाईने झाकण उघडलं. चारही चमचे होते तिथे होते. पळीची जागा रिकामी होती.

"पळी?"

"ती मी घासून देते उद्या," वहिनी पेटीकडे न बघता म्हणाली. "राहू द्या ना वन्सं आजचा दिवस."

"अगं, घासायचं काय त्यात? मी घासेन की."

"उद्या देते," वहिनी म्हणाली, आणि कपबशा उचलून आत गेली.

पाणी कुठेतरी मुरतंय, हे ओळखायला भिंग लागत नव्हतं. भिंगबाईने चमचे एकेक करून पाहिले, तेवढाच चाळा. सिंह जागच्या जागी, कडा ओळखीच्या. पाच वस्तूंतली सर्वांत जड आणि मोलाची वस्तू तेवढी उद्यावर. तिने स्वतःला बजावलं, हे घर आहे, कचेरी नव्हे. मन म्हणालं, बरोबर आहे. आणि लगेच पुढे म्हणालं, पण पिशवी छातीशी घट्ट का धरली होती?

सकाळी दादा कामावर निघाला. तो लिफ्टा दुरुस्त करायचा, आणि जेवायला दुपारी घरी यायचा. दुपार व्हायला आली तशी वहिनीने शेगडीवर भाज्यांचं दाट सूप चढवलं आणि ती ब्रेड आणायला खाली उतरली. दार लागल्याचा आवाज येताच भिंगबाई स्वयंपाकघरात शिरली. कुणी अचानक आलंच तर काडेपेटी शोधत होते असं सांगायचं, हेही तिने ठरवून ठेवलं. दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडण्यात आयुष्य गेलेली बाई भावाच्या घरात खण उघडत होती, पण हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या खणात, झाऱ्या-सराट्यांच्या मागे, मऊ फडक्यात गुंडाळलेली पळी सापडली.

तिने ती खिडकीशी नेली. पळीचं तोंड सरळ होतं. डावी कड झिजलेली होती खरी, पण उजवीही तितकीच झिजलेली. दोन्ही बाजू कशा मापून उतरवल्यासारख्या. वाकडं तोंड गेलं कुठे? तिने भिंग डोळ्याला लावलं. मानेजवळचे छाप घासून गुळगुळीत झाले होते, सिंहाची नुसती पाठ उरली होती, आणि सालाचं अक्षर वाचणं अशक्य होतं. छाप वाचता येऊ नयेत हेच ज्याला हवं असतं तो नेमकं असंच करतो. शेवटी तिने पळी तोंडाजवळ धरली आणि वाफ सोडली.

मानेभोवती एक रेघ उमटली, अंगठीएवढी बारीक, आणि वाफेबरोबर उडून गेली. तिने पुन्हा वाफ सोडली. पुन्हा तीच रेघ.

सगळं जुळलं. दुसऱ्या कुठल्यातरी चमच्याचा दांडा, त्याला जोडलेलं दुसरंच तोंड, आणि त्या तोंडाच्या कडा कानशीने घासून जुनेपणा आणलेला. आईची पळी गेली होती. बाजारातून कुणाच्यातरी दिवाणखान्यात, नाहीतर वितळवण्याच्या मुशीत. भिंगबाईला रडू फुटलं. ते खरं होतं. पण त्या रडण्याच्या तळाशी आपण ओळखलं याचा एक बारीक आनंदही होता, आणि तोही खरा होता.

दादा आणि वहिनी दारात एकदमच आले. दादा काहीतरी बोलत हसत होता. बहीण स्वयंपाकघराच्या मधोमध पळी घेऊन उभी आहे हे बघून तो म्हणाला, "काय शहाणे, आज वाढायचं काम तुझ्याकडे?"

"वहिनी, ही आपली पळी नाही," भिंगबाई म्हणाली.

वहिनीने ब्रेड ओट्यावर ठेवला. "आपलीच आहे."

"मला सांगतेस? अगं, हेच करून पोट भरते मी. आपली कुठे आहे, एवढंच सांग."

"आल्या आल्या हे काय काढलंस?" दादा म्हणाला.

"दादा, तू मध्ये पडू नकोस. लिफ्टमधलं तुला कळतं, पळीतलं मला कळतं." आणि मग टेबलासमोर गिऱ्हाईक बसलं असावं तसं तिने एकेक सांगितलं. मानेत सांधा आहे. छाप मुद्दाम घासलेत. आईच्या पळीची एकच कड झिजलेली होती, हिच्या दोन्ही आहेत. "माणूस खोटं बोलतं वहिनी, झीज बोलत नाही. चांदीकामवाल्याकडे तू पिशवी घेऊन गेली होतीस की नव्हतीस?"

"गेले होते," वहिनी म्हणाली.

दादाने बायकोकडे बघितलं. हे त्याला नवीन होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"म्हणजे मी चोरली?" वहिनीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंत?"

तेवढ्यात वास आला. सूप बुडाला लागत होतं. वहिनी वळली, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून तिने भिंगबाईच्या हातातली पळीच ओढून घेतली, आणि आच बारीक करून पातेल्याचा तळ भराभर खरवडू लागली.

आधी आवाज आला. खर्र, खर्र, मध्ये थोडं थांबून पुन्हा खर्र. भिंगबाईचं लहानपण या आवाजात गेलं होतं. शाळेतून आलं की जिन्यापर्यंत तो ऐकू यायचा. शेकडो पळ्यांतून हा आवाज तिने ओळखला असता. तो दांड्याच्या वजनाचा, त्या जाड मानेचा, आईच्या पळीचा आवाज होता.

मग तिने बघितलं. पळी वहिनीच्या डाव्या हातात होती. डावा हात तळाशी सवयीने फिरत होता, आणि उजवी कड पातेल्याच्या कोनाला अशी चपखल बसत होती की तिथे कागदही शिरला नसता.

"वहिनी, तू डावखुरी आहेस?"

दादाला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच विरलं. "इतकी वर्षं झाली आमच्या लग्नाला," तो म्हणाला. "तुला माहीतच नव्हतं?"

"मला वाढताना तर ही..."

"तुम्हाला उजव्याने वाढते," वहिनी पातेल्यातून मान वर न काढता म्हणाली. "आईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. घरच्यांना कसंही वाढ, पण पाहुणे आले की उजवा हात. डावा बघून त्यांना अंगावर सांडेल की काय असं वाटतं."

"मी पाहुणी?"

"दोन-दोन दिवसांसाठी येता, वन्सं. मग काय म्हणायचं?"

वहिनीने शेगडी बंद केली. पळी धुतली, पुसली, आणि तिच्या मानेवरून अंगठा फिरवला. "आईंच्या शेवटच्या दुखण्यात एकदा हातातून निसटली. मान तुटली. आई आतून विचारत होत्या, काय पडलं गं? मी म्हटलं, झाकण. आधीच त्यांच्या जिवाला घोर, त्यात हा कशाला? दुसऱ्या दिवशी जोडून आणली. चांदीकामवाल्याने न विचारता मशिनवर घासून चकचकीत केली, तुमचा सिंह पुसला गेला. आईंनी सांगितलं होतं मला, तो तुमचा सिंह आहे म्हणून. तुम्हाला फोन करायचं फार मनात होतं."

"मग केला का नाहीस?"

"तुम्ही आज जे म्हणालात ना, तेच तेव्हा म्हणाला असतात."

भिंगबाई खुर्चीवर बसली. तिच्या टेबलावर येणाऱ्या वस्तूंची झीज तिथे येण्याआधीच संपलेली असायची. ज्यांनी त्या झिजवल्या ती माणसं केव्हाच गेलेली असायची, आणि गेलेल्या माणसांचा हात ती बरोबर ओळखायची. जिवंत माणसाचा हात अजून चालू आहे, पळी अजून झिजते आहे, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. वीस वर्षांमागचं वाकडं तोंड डोळ्यांत घेऊन ती आली होती; मधल्या दोन-दोन दिवसांच्या खेपांत तिने पळीकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. डावी कड आईने झिजवली, आणि पुढे त्याच घरात, त्याच पातेल्यात, उजवी कड वहिनीने झिजवत आणली. सासू-सुनेने मिळून पळीचं तोंड सरळ केलं होतं. आणि ते सरळ झालं म्हणून तिने वहिनीला चोर ठरवलं होतं.

"आणि काल दिली का नाहीस?" तिने विचारलं. आता आवाजात धार नव्हती, नुसतं विचारणं होतं.

"आज सूप करायचं होतं. म्हटलं, शेवटचं हिच्यानेच ढवळावं, मग द्यावी." वहिनीने पळी तिच्यापुढे ठेवली. "घ्या."

"वहिनी, चुकलं माझं. फार चुकलं."

"असू दे."

"तूच ठेव ही. तुझीच आहे. आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं."

"आईंनी तुमची म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. "आणि मला आता नको. ढवळताना सारखं वाटेल, कुठे झिजतेय ते कुणीतरी बघतंय."

जेवायला तिघं बसली. सूप थोडं करपलं होतं. दादाने लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणा बाईची गोष्ट सांगायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. वहिनीने खणातल्या स्टीलच्या पळीने आधी नवऱ्याला वाढलं, डाव्या हाताने, बोलता बोलता. मग भिंगबाईच्या ताटलीशी येताना तिने पळी या हातातून त्या हातात घेतली. भिंगबाईने मान खाली घातली आणि चमचा उचलला.

निघताना तिने चांदी नेलीच नाही. पेटी कपाटात ठेवली, आणि पळी गुपचूप स्वयंपाकघरात, झाऱ्या-सराट्यांच्या पुढे, हाताला लागेल अशी ठेवून गेली. दोन दिवसांनी राग निवळेल, सूप बुडाला लागेल, हात आपोआप जाईल, असं तिला वाटलं. कचेरीत तिच्या बोलण्यात थोडा फरक पडला. लोकांची कहाणी ती आता पुरती ऐकून घेऊ लागली. पळी हातात घेतली की, "अजून वापरता का हो ही? कोण वापरतं?" असं विचारू लागली. बरोबरच्यांना वाटलं, बाई वयाने मऊ झाली.

पुढच्या खेपेला ती माहेरी गेली तेव्हा चांगली आठवडाभराची रजा काढून गेली. वहिनीने हसून दार उघडलं, सामान आत नेलं, खोलीत धुतलेली चादर अंथरली. कशात म्हणून कमी नव्हतं. संध्याकाळी सूप होतं. वहिनीने स्टीलच्या पळीने, उजव्या हाताने, एक थेंब न सांडता वाढलं.

दुसऱ्या दिवशी भिंगबाईने विचारून कपाट उघडलं आणि पेटी काढली. चार चमच्यांच्या शेजारी, आपल्या जागेवर, मऊ फडक्यात पळी ठेवलेली होती, लखलखीत घासलेली. तिने ती खिडकीशी नेली आणि भिंग लावलं. दोन्ही कडा तिने शेवटच्या बघितल्या होत्या तशाच होत्या, केसभरही फरक नाही. पळी झिजायची थांबली होती.